रोज एक क्वार्टर, आणि तरी 'मला चढत नाही' : यकृताचं नेमकं काय होतं?

कृष्णाकाठ
माझा मोठा भाऊ, वय ४६, सांगलीजवळ हार्डवेअरचं दुकान. गेली कित्येक वर्षं दुकान बंद केलं की रोज एक क्वार्टर, रविवारी थोडी जास्त. कधी झोकांड्या नाहीत, घरात आवाज चढवणं नाही, सकाळी साडेनऊला शटर वर. त्यामुळे 'दारुडा' हा शब्द त्याच्याबाबतीत कुणाच्या तोंडी आलाच नाही. त्याचं वाक्य ठरलेलं, "मला चढतच नाही गं."

मागच्या महिन्यात पोट दुखतंय म्हणून सोनोग्राफी केली. खडा नव्हता, पण 'ग्रेड २ फॅटी लिव्हर' निघालं. रक्तात यकृताची एन्झाइमं अशी: एसजीओटी १३८, एसजीपीटी ५४, जीजीटी ३१०. प्लेटलेट १ लाख १८ हजार. काविळीचं बिलिरुबिन नॉर्मल. दादा म्हणतो फॅटी लिव्हर आजकाल सगळ्यांनाच असतं, तुझ्या नवऱ्यालाही आहे. (आहे खरं, आणि तो थेंबही घेत नाही.)

आता गटारी जवळ आली. दुसऱ्या दिवसापासून दादा श्रावण कडक पाळतो, तो थेट अनंत चतुर्दशीपर्यंत. आई म्हणते, दीड महिना बंद राहिली की लिव्हर आपोआप सुधारेल, डॉक्टर कशाला? वहिनी मात्र हळूच सांगते की श्रावणाच्या पहिल्या तीन-चार दिवसांत त्याचे हात इतके थरथरतात की दाढी करता येत नाही, रात्री घामाने बनियन भिजतो, झोप नाही. घरात याला 'उपासाचा अशक्तपणा' म्हणतात. जाणकारांनी सांगा.

खटपट्या
ताई, एक क्वार्टर म्हणजे आमच्या मित्रमंडळात चुळ भरण्याइतकी. भावाला श्रावण पाळू द्या, वर चार लिंबू पाजा. जो माणूस दीड महिना हात लावत नाही तो व्यसनी कसला?

ओपीडीवाला
जिल्ह्याच्या गावी फिजिशियन आहे. पेशंट न बघता निदान करत नाही, पण ताईंनी दिलेले आकडे बोलके आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी खटपट्यांची चुळ मोजू. क्वार्टर म्हणजे १८० मिली. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. म्हणजे सुमारे ७७ मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात साधारण ६० ग्रॅम. आपल्याकडे एक प्रमाणित पेग १० ग्रॅमचा धरतात, म्हणजे हे सहा पेग झाले, तेही रोज. स्ट्राँग बिअरची मोठी, ६५० मिलीची बाटली ८ टक्क्यांची असेल तर तिच्यात ४० ग्रॅम असतं, 'फक्त बिअर' म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी. इटलीत डायोनिसॉस नावाचा एक मोठा अभ्यास झाला होता, १९९७ साली प्रसिद्ध झालेला. त्यात दिवसाला ३० ग्रॅमच्या पुढे यकृताच्या नुकसानीचा धोका वाढताना दिसला. जेवणाव्यतिरिक्त, नुसती पिणाऱ्यांत तो आणखी जास्त. दादा त्या रेषेच्या दुप्पट आहेत.

यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल निकालात काढतं. रात्री दहाला संपवलेली क्वार्टर पहाटेपर्यंत अंगात असते. पहिल्या टप्प्यात अल्कोहोलचं ॲसिटाल्डिहाइड होतं, ते खरं विष. दुसऱ्या टप्प्यात त्याचं ॲसिटेट, ते निरुपद्रवी. ही सगळी उठाठेव चालू असताना यकृताच्या पेशीचा रासायनिक तोल असा ढळतो की चरबी जाळणं मागे पडतं आणि चरबी साठवणं पुढे येतं. झालं फॅटी लिव्हर. रोज भरपूर पिणाऱ्या बहुतेकांना ते होतंच.

आता 'चढत नाही' चं. रोज पिणाऱ्याचा मेंदू दारूला सरावतो, आणि यकृतात सायटोक्रोम २ई१ नावाचं एक जादाचं यंत्र जोरात चालू होतं. ते दारू लवकर फोडतं, पण फोडताना पेशींना इजा करणारे घटक सोडतं. म्हणजे ज्याला चढत नाही त्याचं यकृत मजबूत नसतं. त्याला तोच परिणाम मिळायला जास्त दारू लागते, आणि ती जास्त दारू यकृतातूनच जाते. झोकांड्या जाणं ही मेंदूची गोष्ट आहे, यकृताला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. माझ्या ओपीडीत सिरोसिस, म्हणजे चट्टे पडून आवळलेलं यकृत, घेऊन येणाऱ्यांत 'कधी तोल गेला नाही' वाले भरपूर असतात.

रिपोर्टबद्दल दोन गोष्टी. साध्या फॅटी लिव्हरमध्ये, म्हणजे ताईंच्या यजमानांसारख्या न पिणाऱ्या माणसात, बहुधा एसजीपीटी हे एसजीओटीपेक्षा जास्त असतं. इथे उलटं आहे, आणि दुपटीहून जास्त. हा दारूचा ठसा समजतात. दुसरं, प्लेटलेट. १ लाख १८ हजार हा आकडा मला टोचला. दारू स्वतः अस्थिमज्जेला दाबून प्लेटलेट कमी करते, ते दारू थांबवल्यावर आठ-पंधरा दिवसांत भरून येतं. पण यकृतात चट्टे पडून प्लीहा वाढली असेल तरीही प्लेटलेट कमी होतात. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट घेऊन फिब-४ नावाचा आकडा काढतात. दादांचा ७.३ येतो. ३.२५ च्या वर गेला की चट्ट्यांची शंका घ्यायची. दारू चालू असताना एसजीओटी फुगलेलं असतं, त्यामुळे हा आकडा भलताच जास्त दिसू शकतो. पण सोडून देण्यासारखा नाही. फायब्रोस्कॅन, म्हणजे यकृत किती ताठ झालंय ते मोजणारी तपासणी, करून घ्या.

बिलिरुबिन नॉर्मल आहे यावर फार विसंबू नका. सिरोसिस सुरू झालेल्या माणसाचं बिलिरुबिन कित्येक वर्षं नॉर्मल राहू शकतं.

खटपट्या
डॉक्टरसाहेब, चुळीचा शब्द मागे. पण श्रावणाचं काय? दीड महिना बंद म्हणजे फायदाच ना?

ओपीडीवाला
यकृताला फायदा नक्की. चट्टे नसतील तर चरबी दोन ते सहा आठवड्यांत उतरू लागते. माझी काळजी पहिल्या चार दिवसांची आहे, आणि ताईंच्या पहिल्या पोस्टमधली सर्वांत महत्त्वाची ओळ वहिनींची आहे.

हात थरथरणं, घाम, झोप उडणं हा अशक्तपणा नव्हे, दारू अचानक तुटल्याची ही लक्षणं आहेत. शेवटच्या घोटानंतर ६ ते १२ तासांत सुरू होतात. काहींना पहिल्या दोन दिवसांत फिट येते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: भिंतीवर किडे दिसतात, दुकानात गिऱ्हाईक आलंय असं वाटून अंथरुणातून उठून चालू लागतात, ताप, नाडी धावते. याला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो. दरवर्षी अशी तोडा-जोड केली की प्रत्येक वेळचं तुटणं आधीपेक्षा अवघड जाण्याची शक्यता असते. गेल्या वर्षी नुसते हात थरथरले म्हणून यंदाही तेवढंच होईल, असं धरून चालू नका.

गटारीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी असे पेशंट येतात. घरचे सांगतात 'बाहेरचं काहीतरी लागलं असावं'.

तेव्हा सोडायची हे पक्कं, पण आधी डॉक्टर, मग श्रावण. चार-सहा दिवस उतरत्या मात्रेत देण्याच्या गोळ्या असतात. नावं मुद्दाम लिहीत नाही. यकृत अधू असेल तर नेहमीची गोळी अंगात साठते, वेगळी निवडावी लागते, आणि दुकानातून आणून घरी देण्याची ती चीज नाही.

आणखी एक. आपल्याकडे 'अशक्तपणा आलाय, एक ग्लुकोजची बाटली लावा' ही मोठी लोकप्रिय मागणी आहे. रोज पिणाऱ्यांच्या अंगात बहुधा थायमिन, म्हणजे बी१ जीवनसत्त्व, तळाला गेलेलं असतं. आधी थायमिन न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर उरलंसुरलं बी१ खर्ची पडून मेंदूवर परिणाम होऊ शकतो: डोळ्यांची हालचाल बिघडते, चाल अडखळते, माणूस गोंधळतो. वेळेत बी१ मिळालं नाही तर स्मरणशक्ती कायमची जाते. बाटली लावणाऱ्याला हे विचारायला लाजू नका.

निशिगंधा
कृष्णाकाठ, घाबरवायला लिहीत नाही, पण आमच्या बाबांचं असंच होतं. बँकेत नोकरी, शिस्तीचा माणूस, आठ ते दहा बाल्कनीत. प्लेटलेट कमी आल्या तेव्हा सगळ्यांनी डेंग्यू म्हटलं, पपईच्या पानांचा रस पाजला. दुसऱ्यांदा कमी आल्या तरी डेंग्यूच. मग एका रात्री बेसिनभर रक्ताची उलटी. त्याआधी चार दिवस शौचाला डांबरासारखी काळी होत होती, पण बाबांनी कुणाला सांगितलं नाही. कोण सांगतं घरात?

अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरा फुटल्या होत्या. दुर्बिणीतून रबरी रिंगा टाकून बांधल्या, तेव्हा वाचले. त्यानंतर तीन वर्षं होते. पोटात पाणी, पाय सुजलेले, दिवसा झोप आणि रात्री टक्क जागे. एकदा चेकवर सही करताना स्वतःचं आडनाव अर्धंच लिहिलं, तेव्हा कळलं की डोक्यावरही परिणाम होतोय. लॅक्टुलोजचं सिरप दिलेलं. आम्हाला वाटलं बद्धकोष्ठाचं औषध, पोट साफ झालं की बंद करायचो. दोनदा त्यापायीच बेशुद्धीत ॲडमिट केलं. दुसऱ्या वेळी एका सिस्टरने नीट सांगितलं की दिवसाला दोन-तीन मऊ शौचाला होणं हाच उद्देश आहे, आतड्यातला अमोनिया बाहेर काढायचा आहे. एवढं एक वाक्य पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर!

ओपीडीवाला
निशिगंधा, तुम्ही लिहिलंत ते पुस्तकातल्या धड्यापेक्षा जास्त कामाचं आहे. फक्त कारण जोडतो. चट्ट्यांनी यकृत आवळलं गेलं की आतड्यांकडून येणारं रक्त आत शिरू शकत नाही. पाटाचं पाणी पुढे अडलं की कुठून तरी बांध फोडून निघतं, तसं ते अन्ननलिकेच्या नाजूक शिरांतून वाट काढतं. पोटात पाणी होणं, प्लीहा वाढणं ही सगळी त्याच तुंबण्याची रूपं. अमोनियाचा निचरा करणं हे यकृताचं काम, ते झालं नाही की मेंदू झाकोळतो.

काळी शौचाला आणि रक्ताची उलटी यांत सकाळ होण्याची वाट बघायची नसते.

रानमेवा
ॲलोपॅथीवाल्यांकडे लिव्हरला औषध नाही हे तेच मान्य करतात. आमच्या भागात कावीळ उतरवणारे वैदू आहेत, माळ घालतात, आठ दिवसांत डोळे पांढरे. शिवाय भुईआवळा, कुटकी, गुळवेल. दारूने तापलेल्या यकृताला उसाचा रस उत्तम. दादांना पथ्यावर ठेवा, तेल-डाळ-अंडी बंद, फक्त पेज आणि साखर.

गोळीकाकू
मी केमिस्ट, काउंटरवर पंचवीसेक वर्षं. रानमेवा, रागावू नका, पण हे तसंच सोडून देता येत नाही.

दूषित पाण्यातून येणारी हिपॅटायटिस ए ची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपली आपण उतरते. माळ घातली तरी उतरते, नाही घातली तरी उतरते, श्रेय माळेला. दारूची कावीळ त्या जातीची नाही. तीव्र अल्कोहोलिक हिपॅटायटिसमध्ये माणूस महिन्याभरात जाऊ शकतो, आणि तो महिना लोक वैदूकडे घालवतात. गुळवेलीबद्दल म्हणाल तर कोविडच्या काळात लोकांनी ती वारेमाप घेतली आणि २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी तिच्यामुळे यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाला ते मान्य नव्हतं, वाद झाला. मी एवढंच म्हणेन की आधीच दुखावलेल्या यकृतावर प्रयोग नको.

पेज-साखरेचं पथ्य तर मला बघवत नाही. सिरोसिसचा पेशंट आधीच वाळलेला असतो, दंडाचं मांस गेलेलं. आता डॉक्टर प्रथिनं कमी करा सांगत नाहीत, उलट दर किलो वजनामागे १.२ ते १.५ ग्रॅम द्या म्हणतात. डाळ, दही, अंडी सगळं. रात्री झोपण्यापूर्वी काहीतरी खायचं, कारण अशा यकृतात रात्रभराचा साखरेचा साठा राहत नाही आणि शरीर स्वतःचे स्नायू मोडायला लागतं. पोटात पाणी झालं असेल तर मीठ मोजून: लोणचं, पापड, खारे शेंगदाणे बंद.

माझ्या काउंटरवरच्या दोन गोष्टी. सकाळी डोकं धरून येणारे पॅरासिटामॉल मागतात. रोज पिणाऱ्याच्या यकृतात त्या गोळीचा विषारी भाग जास्त तयार होतो, आणि तो निपटणारं ग्लुटाथायोन कमी असतं. जास्त मात्रा धोक्याची. 'मग दुसरी पेनकिलर द्या' म्हणतात. डायक्लोफेनॅक-आयब्युप्रोफेन सिरोसिसमध्ये त्याहून वाईट, किडनी आणि रक्तस्राव दोन्हीकडून.

दुसरी गोष्ट म्हणजे भिंतीभिंतींवरच्या 'न सांगता दारू सोडवा' जाहिराती. माझ्या ओळखीच्या एका घरात सासूबाईंनी असली पुडी आमटीत कालवली. मुलगा रात्री बाहेरून पिऊन आला आणि तासाभरात लालबुंद, उलट्या, छातीत धडधड, रक्तदाब खाली, आयसीयू. पुडीत काय होतं ते कळलं नाही, पण अशी अवस्था डायसल्फिरामने होते. ते ॲसिटाल्डिहाइडचं पुढे ॲसिटेट होऊ देत नाही, विष अंगात साचतं. हे औषध आहे, पण पेशंटला सांगून, त्याच्या संमतीने, हृदय आणि यकृत तपासून द्यायचं. कृष्णाकाठ, आईंना आधीच सांगून ठेवा.

सुटलेला
बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मी त्या दादाच्या जागी होतो. 'मला चढत नाही' हे मी इतक्या अभिमानाने म्हणायचो की मित्र मला पार्टीनंतर सगळ्यांना घरी सोडायचं काम द्यायचे. आणि श्रावण! श्रावण हा माझा चारित्र्याचा दाखला होता. वर्षातला दीड महिना दाखवून उरलेले साडेदहा महिने पास करून घ्यायचो. पण त्या दीड महिन्यात मी रोज कॅलेंडर बघायचो हे बायकोला माहीत होतं.

मी पुण्यात मुक्तांगणला राहिलो. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेली व्यसनमुक्ती संस्था. पहिले दिवस औषधोपचाराचे, नंतरचं सगळं काम डोक्याचं. बाहेर आल्यावर एएच्या (अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, दारू सोडलेल्यांचा गट) मीटिंगा, त्या मराठीतही चालतात, पैसे लागत नाहीत. वहिनीलाही कुटुंबीयांच्या गटात जाऊ द्या. आमच्या घरात मी सावरायच्या आधी बायको सावरली, म्हणून पुढचं झालं. केंद्र लांब पडत असेल तर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ पण.

दादाशी बोलताना 'व्यसन' शब्दापासून सुरुवात करू नका. माझ्याशी कुणी तो शब्द काढला की मी उठून जायचो. प्लेटलेटचा आकडा समोर ठेवा. दुकानदार माणूस आहे, आकड्याला मान देईल.

मोगरा
चर्चा 'दादा' आणि 'बाबा' यांचीच चाललीय. माझ्या ऑफिसात शुक्रवारी बरोबरीने पिणाऱ्या मुली आहेत, त्यांना कुणी सांगत नाही की बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, जठरात दारू फोडणारं एन्झाइमही कमी. तेवढ्याच पेगांत रक्तातली पातळी जास्त जाते आणि यकृताचं नुकसान कमी दारूत, कमी वर्षांत होतं. स्तनाच्या कर्करोगाचा धोका तर अगदी थोड्या प्रमाणातही वाढतो.

खटपट्या
पण रोज एक ग्लास वाइन हृदयाला चांगली, हे तरी खरं ना? की तेही काढून घेताय?

एडिनबराकर
काढून घेतलं त्याला बरीच वर्षं झाली, खटपट्या. जुन्या अभ्यासांत 'न पिणारे' म्हणून धरलेल्यांत आजारपणामुळे सोडलेले लोकही होते, त्यामुळे थोडी पिणारे उगाच निरोगी दिसले. दारू कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्येच म्हटलंय: तोंड, घसा, अन्ननलिका, यकृत, पुढे मोठं आतडं आणि स्तनही. जानेवारी २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सरळ सांगितलं की सुरक्षित असं प्रमाण नाही. इथे स्कॉटलंडमध्ये यकृताचे मृत्यू इतके की २०१८ पासून दारूची किमान किंमत कायद्याने ठरवलीय, २०२४ मध्ये ती युनिटमागे (म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोलमागे) ५० वरून ६५ पेन्स केली. आणि हो, हृदयालाही: दारूने रक्तदाब वाढतो, ठोके अनियमित होतात, स्नायू ढिला पडतो.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार. दादाला प्लेटलेटचा कागद दाखवला, 'सुटलेला' यांनी सांगितलं तसंच बोलले. अर्धा तास काही बोलला नाही, मग म्हणाला, "चल, कुठे जायचं ते." गटारीची वाट बघितली नाही. डॉक्टरांनी पाच दिवस ॲडमिट करून घेतलं, बी१ ची इंजेक्शनं, गोळ्या. दुसऱ्या रात्री बराच बडबडत होता, पण फिट वगैरे नाही. आता घरी आहे. फायब्रोस्कॅन १४.८ आलाय. आईला वाटतं मशीन चुकलं असेल.

ओपीडीवाला
योग्य क्रमाने झालं. १२.५ च्या वर सिरोसिसची शक्यता धरतात, पण ताज्या सुजेतही आकडा वाढतो. दारू पूर्ण बंद ठेवून दोन-तीन महिन्यांनी परत करा, तेव्हाचा आकडा खरा मानू. प्लेटलेट दीड लाखाच्या खाली आहेत तोवर अन्ननलिकेची दुर्बीण मात्र टाळू नका, शिरा फुगल्या असतील तर फुटण्याआधी औषधं देता येतात. सिरोसिस निघालाच तर दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी, कर्करोगावर नजर ठेवायला. हिपॅटायटिस बी आणि सी तपासलं का? नसेल तर तेही, आणि बी ची लस.

सिरोसिस म्हणजे सगळं संपलं असं नाही. या टप्प्यावर थांबलेले, नोकरी-धंदा करणारे माझे बरेच पेशंट आहेत. प्यायला पुन्हा सुरुवात केलेल्यांबद्दल तसं म्हणता येत नाही. आणि हे यकृत अनंत चतुर्दशी ओळखत नाही, एवढं दादांना माझ्या नावाने सांगा.

कृष्णाकाठ
हिपॅटायटिस दोन्ही निगेटिव्ह. दुर्बीण गुरुवारी सकाळी आहे. रात्री झोपताना वहिनी दूध-खजूर देते, ते बुधवारी रात्री द्यायचं की नाही? आणि बी१ ची गोळी?

गोळीकाकू
द्या, पण केंद्रावर वेळ विचारून. साधारण सहा ते आठ तास पोट रिकामं लागतं, सकाळी दहाची वेळ असेल तर रात्री दहा-साडेदहाला चालेल. बी१ दुर्बीण झाल्यावर द्या. चालू गोळ्यांची यादी बरोबर घ्या, रक्त पातळ करायची एखादी असेल तर आजच फोन करून सांगा.